नळी तापवणारी

"कोट काढ आधी. तिथे त्या भिंतीवर टाक, उन्हात. बेबीला असला वास सहन होत नाही."

बाईसाहेब हे बोलल्या तेव्हा मी अजून चटईवर पालथीच पडली होती. गाल रायफलच्या लाकडावर, डोळा साइटला, म्हणजे नेम धरायच्या चकतीला. समोरच्या कागदावर, काळ्या गोलात माझ्या गोळ्या एकावर एक बसल्या होत्या. दुर्बिणीतून पाहिलं तर एकच भोक दिसत होतं, जरासं फाटलेलं. ते पाहून मला इतकं बरं वाटत होतं की आवाज कानात शिरलाच नाही.

"ऐकू येत नाही का गं? कोट!"

मी उठली. पट्टे सोडले, कोट काढला. नेमबाजीचा कोट म्हणजे साधा कोट नव्हे. जाड, खांद्याला आणि कोपरांना कातडं लावलेला. तो घातला की छातीतली धडधड रायफलपर्यंत पोचत नाही. डिसेंबरची सकाळ होती. कोट निघाला तशी थंडी अंगात घुसली.

"कसला वास?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

"तुमच्याकडे ते सुताला लावतात ना, खळ का काय. आंबूस. शी!"

चपराशी आला. त्यानं कोटाला हात लावला नाही. नळी साफ करायची लांब काडी असते, तिच्या टोकानं कोट उचलला आणि मेलेला उंदीर नेतात तसा भिंतीपर्यंत नेला. क्लबची दोन-चार माणसं तिथंच चहा पिऊन राहिली होती. एक जण हसला.

मग बाईसाहेबांनी पर्समधून पांढरा रुमाल काढला. त्यावर कोलनवॉटर ओतलं. आणि माझा गाल जिथं टेकला होता ती जागा पुसायला लागल्या. घासून घासून. खाली, वर, पार मागच्या साइटपर्यंत. मी बाजूला उभी राहून पाहत होती. माझ्याच गालावरून कोणी दगड घासून राहिलंय असं वाटलं मला.

पुसून झाल्यावर गाडीतून बेबी, त्यांची मुलगी, उतरली. जांभई देत आली, चटईवर धुतलेली चादर टाकली होती, तिच्यावर पडली.

आता मी तिथं कशी, ते सांगते.

आमचं घर गोळीबार चौकाच्या आतल्या गल्लीत. कोष्टी आम्ही, विणकर. बाबा हातमागावर लुगडी विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची. मी कॉलेजात गेली, एनसीसीत गेली, आणि पहिल्यांदा रायफल हातात आली तेव्हाच नेम बसला. का बसला, देव जाणे. गल्लीतल्या पोट्ट्यांना तेवढंच पुरलं. "गोळीबार चौकातली पोट्टी गोळीबारच करन ना बे!" असं ओरडायचे. मी राज्याच्या स्पर्धेत पहिली आली तेव्हा त्यांनीच फटाके फोडले.

आमच्या कॅम्पचे हवालदार होते, त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी मला सांगितलं, पुढच्या वर्षी दिल्लीत आशियाई खेळ आहेत, पोरींसाठीही रायफलीची स्पर्धा आहे. चाचणी होणार. पण एनसीसीच्या जुन्या रायफलीवर ते होणार नाही. त्याला लागणारी परदेशी रायफल अख्ख्या नागपुरात एकाच क्लबात होती. क्लब मोठ्या लोकांचा. रायफल बाईसाहेबांच्या मुलीसाठी आणलेली, नेमबाजीचा कोटही तिचाच. बाईसाहेबांच्या घरच्या मँगनीजच्या खाणी होत्या, आणि क्लबात त्यांचा शब्द शेवटचा.

उस्तादांनी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, येऊ दे. बेबी यायच्या आधी रायफल तापवून ठेवेल.

तापवणं म्हणजे काय, तर नळी साफ केली की पहिल्या काही गोळ्या कुठंही जातात. थंड, तेलकट नळी असते. थोड्या गोळ्या झाडल्या की ती ताळ्यावर येते. मग साइटच्या गुंड्या फिरवून नेम जुळवायचा. गुंडी अगदी हलकी, बोटाखाली कट् कट् वाजते. एक कट् इकडचा तिकडं झाला की गोळी काळ्याच्या बाहेर. हे कंटाळवाणं काम माझं. त्यानंतरची खरी नेमबाजी बेबीची. बदल्यात चाचणीच्या दिवशी पहिल्या फेरीत बेबी, दुसऱ्या फेरीत मी, रायफल तीच. हा शब्द बाईसाहेबांनी दिला होता. माझ्यासमोर दिला होता.

म्हणून मी कोट काढला. म्हणून गप्प राहिली. मला ती रायफल पाहिजे होती. दुसरं काही नको होतं, बापा. एक दिवस, एक फेरी, ती रायफल.

घरी येऊन मी अंगाचा वास घेतला. हाताचा, बाहीचा, केसांचा. खळ म्हणजे पिठाची पातळ पेज, विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला ती पाजतात म्हणजे सूत तुटत नाही. जन्मापासून त्या वासातच होती मी, मला तो कधी आलाच नव्हता. त्या दिवशी आला. मग मी चंदनाचा साबण आणला आणि अंग लाल होईतो घासलं.

आई म्हणाली, "काय वं, कातडी काढतं काय?"

"माह्या अंगाले खळीचा वास येते म्हणते ते बाई."

आईनं कांडी खाली ठेवली. "तिच्या अंगावर साडी हाये न? थे का झाडाले लागली होती? तिलेही कोणी खळ पाजली असंनच."

मी हसली. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा साबण घासून गेली. याची मला आज शिसारी येते. त्यांची येते त्याहून जास्त येते.

पूर्ण हिवाळा असाच गेला. मी तापवायची, जुळवायची, बाईसाहेब पुसायच्या, बेबी मारायची. आणि बेबीचा नेम हलायचा. माझ्या गोळ्या मधोमध, तिच्या डाव्या अंगाला वर. रोज. बाईसाहेब माझ्यावर भडकायच्या. "तू नीट जुळवत नाहीस. स्वतःपुरतं जुळवतेस."

मलाही कळेना. प्रत्येकाचा डोळा वेगळा, धरणं वेगळं, थोडा फरक पडतोच. पण एवढा? एकदा बेबीची फेरी झाल्यावर मी हळूच गुंडी पाहिली. मी ठेवली होती तिथं नव्हतीच. सरकलेली. कोणी सरकवली? बेबी तर गुंडीला हातच लावत नाही, तिला ती येतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी डोळे फाडून पाहत राहिली. बाईसाहेबांचा रुमाल गालाच्या जागेवरून वर गेला, साइटवरून घासत गेला. कट्. मला ऐकू आलं. पुन्हा घासलं. कट् कट्.

अरे देवा! माझा वास पुसताना ही बाई रोज स्वतःच्या पोरीचा नेम पुसून राहिली होती.

मी गेली सांगायला. कशी बोलली, ते आठवलं की आजही तोंड कडू होतं. हात मागे बांधून, मान खाली घालून. "बाईसाहेब, पुसताना साइटला धक्का लागतो. वरून नका पुसू."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता काय पुसायचं, कुठे पुसायचं, ते तू मला शिकवणार?"

मी उस्तादांना सांगितलं. उस्ताद चांगला माणूस होता, माझ्यासाठी क्लबाच्या दारात तासन् तास उभा राहायचा. तो इकडं तिकडं पाहून म्हणाला, "मुँह बंद रख, बेटा. राइफल चाहिए ना तेरे को? बस."

मी तोंड बंद ठेवलं.

होळी झाली आणि चाचणी आली. शहराबाहेरचं रेंज, सकाळीच ऊन चटके देत होतं. बाहेरून अधिकारी आले होते, लाउडस्पीकर होता, शामियाना होता. मी पहाटेच पोचून रायफल तापवली. नेम जुळवला. गोळी जिथं पाहिजे तिथं. कोट काढून मी स्वतःच भिंतीवर टाकला, सवयच झाली होती. मग धीर केला. "बाईसाहेब, आजच्या दिवस नका पुसू. पाया पडते."

"आज तर जास्त पुसायला हवं," त्या म्हणाल्या. "किती घाम आलाय तुला, बघ."

आणि पुसलं. त्या दिवशी रुमालही मोठा आणला होता.

पहिल्या फेरीत बेबी. सुरुवातीला काही गोळ्या जुळवायला मिळतात, त्या मोजत नाहीत. ज्याला येतं तो तेवढ्यात गुंडी सरकवून घेतो. बेबीला कोणी शिकवलंच नव्हतं. का शिकवतील? मी होती ना! तिच्या गोळ्या डावीकडं वर जात राहिल्या. ती मागं वळून माझ्याकडं पाही. फेरी चालू असताना बाहेरच्यानं बोलायचं नाही असा नियम आहे, आणि मी नियम पाळला. बेबीचा चेहरा रडवेला झाला. मला तिची दया आली, खरं सांगते. बावीस वर्षांचीही नव्हती ती, माझ्याच वयाची पोर, आणि तिला एक गुंडी फिरवता येऊ नये.

फेरी संपली. बेबी उठली ती रडतच. बाईसाहेब सरळ माझ्यापाशी आल्या. सगळ्यांसमोर.

"तूच फिरवलंस. जळतेस तिच्यावर. असल्यांना घरात घेतलं की हेच होतं."

मी म्हटलं, "मी नाही फिरवलं."

"मग काय रायफलीला पाय फुटले?"

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. रुमाल. एकच शब्द होता. पण दुसरी फेरी लागून राहिली होती आणि रायफल अजून त्यांच्या हातात होती. मी तो शब्द गिळला. म्हटलं, "बाईसाहेब, माझी फेरी आहे. रायफल द्या."

त्यांनी रायफल पेटीत ठेवली. पेटी बंद केली. कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली, त्या रुमालाजवळ.

"आता नाही. पुरे झालं कौतुक."

लाउडस्पीकरवर माझं नाव पुकारलं. मी रिकाम्या हातांनी उभी. पुन्हा पुकारलं. शामियान्यातली माणसं माना वळवून पाहायला लागली. कोणी विचारलं, "कोण आहे ही?" चपराशी म्हणाला, "ते नळी तापवणारी हाय, साहेब."

नळी तापवणारी. राज्यात पहिली आलेली मी. एका सकाळीही उशीर न केलेली मी. त्या सगळ्यांच्या लेखी मला नावच नव्हतं, आणि तिकडं लाउडस्पीकर माझंच नाव ओरडून राहिला होता.

मला रडू आलं नाही. किळस आली. त्या कोलनवॉटरची, त्या हसणाऱ्यांची, गप्प बसलेल्या उस्तादाची, आणि मान खाली घालून पाया पडते म्हणणाऱ्या माझी.

उस्तादांनी बाकीच्या पोरांसाठी एनसीसीच्या जुन्या रायफली आणल्या होत्या. मी त्यातली एक उचलली.

"इससे क्या होगा, बेटा?" ते म्हणाले.

"माझं नाव पुकारून राहिले, उस्ताद."

ते बाजूला झाले.

मी जागेवर जाऊन पडली. कोट नाही, चटई नाही. गिट्टी कोपरात घुसली. त्या रायफलीच्या साइटला गुंडीच नव्हती, मागं खाच आणि नळीच्या टोकाला माशी म्हणजे बारीकसा खुंट, बस. नळी थंड. तापवायला माझ्याकडं कोणी नव्हतं. मी मारली. पहिल्या गोळ्या भलतीकडं गेल्या, लोक हसले. मी मारत राहिली. ती रायफल कुठं ओढते ते कळल्यावर तेवढं सोडून नेम धरायला लागली. शेवटच्या गोळ्या काळ्यात गेल्या. सगळ्या संपेपर्यंत मी उठली नाही.

गुण निवडीच्या आसपासही नव्हते. ते मला जागेवर जाऊन पडली तेव्हाच माहीत होतं. कोपरं रक्तानं भरली होती. मी रायफल साफ करून उस्तादांना दिली आणि घरी आली.

बेबीचे गुणही कमीच होते. तरी दिल्लीच्या शिबिराच्या नावांत तिचं नाव आलं. कसं आलं, मला माहीत नाही. म्हणजे सगळ्या नागपूरला माहीत होतं.

आणि मग एका सकाळी आमच्या गल्लीत त्यांची जीप आली.

सकाळी आमच्या गल्लीतून काहीच जात नाही. तेव्हा पांजणी चालते. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा ताणलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी माणसं कुंच्यानं खळ पाजत चालतात. ओला ताणा मधेच सोडला तर सूत चिकटतं, सगळं वाया जातं. मग लग्नाची वरात असो की मयत, थांबतात लोक. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बाबांनी कुंचा न थांबवता सांगितलं, "वाळल्याबिगर निघत नाही गा. वाजव किती वाजवतं थे."

बाईसाहेबांना उतरावं लागलं. मागे बेबी, तिच्यामागे गाठोडं घेऊन ड्रायव्हर. ओल्या ताण्याच्या कडेकडेनं, भिंतीला घासत, नाकाला रुमाल लावून त्या आमच्या दारापर्यंत आल्या. सगळी गल्ली पाहत होती.

आईनं लगबगीनं स्टूल आणला. बाईसाहेबांनी नाकाचा रुमाल काढला आणि आधी स्टूल पुसला. घासून घासून. मग बसल्या.

"झालं गेलं विसर," त्या म्हणाल्या. "बेबीसोबत दिल्लीला चल. शिबिराला आणि मग खेळांनाही. राहणं-खाणं आमच्याकडे. खेळाडूंच्या गावात फिरशील, देशोदेशीचे लोक बघशील. तुझ्यासारखीला कधी मिळणार असं?"

"आणि करायचं काय?"

"नेहमीचंच. रायफल तापवायची, जुळवून द्यायची." त्यांनी ड्रायव्हरला खूण केली. त्यानं एक गाठोडं पुढं केलं. तोच कोट. "हा पण ठेव. बेबीला नवा आणलाय. नाहीतरी हा तूच वापरलेला."

माझ्या आईच्या डोळ्यांत चमक आली. तिचा काय दोष? पोरगी दिल्लीला जाणार, एवढंच तिला ऐकू आलं. बाबांचा कुंचा मंद झाला. मी कोटाकडं पाहिलं. खोटं कशाला बोलू, तो कोट मला किती हवा होता! रात्री झोपेत मी त्याचे पट्टे बांधायची.

मी विचारलं, "मी मारायचं कधी?"

"तू कशी मारणार? निवड कोणाची झालीय?"

एवढ्यात बेबी बोलली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. हळू आवाजात, आईकडं न पाहता. "चल ना गं. तू मारलंस की नेम बरोबर असतो, मी पडले की हलतो. दिल्लीतही हलला तर? तो कशानं हलतो, तेवढं तरी सांग."

गिळलेला शब्द अजून गळ्यातच होता.

"तुझ्या आईच्या किळसेनं," मी म्हटलं. "तो रुमाल पाहा, हातात आहे त्यांच्या. माझा गाल पुसतात ना रोज, तेव्हा तो वर साइटवर जातो आणि गुंडी फिरते. मी सांगितलं होतं. त्यांना नेमापेक्षा माझा वास पुसणं महत्त्वाचं होतं."

बेबीनं रुमालाकडं पाहिलं. मग आईकडं. बाईसाहेबांचा हात आपोआप मुठीत मिटला.

"हिची जीभ पाहा!" त्या उठल्या. "तुमच्या मुलीला वळण नाही."

बाबा ताण्याजवळून म्हणाले, "वळण हाये, बाई. म्हणूनच एवढे दिवस आली थे तुमच्या दाराले."

मी कोट उचलला. दोन्ही हातांनी, काडीनं नाही. ओल्या ताण्याच्या कडेनं जीपपर्यंत गेली आणि मागच्या सीटवर ठेवून दिला. जीप वळायला जागा नव्हती. आली तशी उलटीच गेली ती, पार चौकापर्यंत.

आई उंबऱ्यात बसली होती. "दिल्ली गेली वं तुही," ती म्हणाली.

"गेली," मी म्हटलं. मग कुंचा घेतला आणि बाबांच्या समोरच्या बाजूनं चालायला लागली. ताणा वाळत आला होता.

दिल्लीत बेबीचं काय झालं, मी विचारलं नाही. कोणी सांगायला आलं तर मी उठून आत जायची. त्या खेळांचे फोटो छापून आले तेव्हा गल्लीतल्या पोट्ट्यांनी आणून दाखवले. मी पाहिले नाहीत. लोक म्हणतात, राग सोडावा. काहून सोडावा? ज्यांनी रुमाल फिरवला त्यांना तर तो आठवतही नसेल.

पुढच्या चाचणीला मी एनसीसीची रायफल घेऊन गेली. चंदनाचा साबण लावला नाही. सकाळी पांजणी करून तशीच निघाली, हाताला खळ सुकलेली, बाहीला लागलेली. लाइनीत उभी राहिली तेव्हा शेजारच्या पोरीनं नाक मुरडलं. मी तिच्याकडं पाहत राहिली, ती मान वळवेपर्यंत. त्या वर्षीही निवड झाली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. मी जायचं सोडलं नाही.

मी ठरवलंय ते एवढंच. माझा गाल लागला म्हणून जी पुसावी लागते, त्या रायफलीला मी हात लावणार नाही, मग ती सोन्याची का असेना. दुसऱ्या कोणाची नळी मी तापवणार नाही. आणि माझं नाव पुकारलं की मी उठणार, हातात जे असेल ते घेऊन, अंगाला जो वास असेल तो घेऊन.